फ्रेंचमधलं ‘सुव्हां’ नेमकं बसतं कुठे?

अनुजा_के

मंडळी, तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन फ्रेंच शिकतेय. ए१, ए२, बी१ झालं. आता डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या बी२ पातळीची तयारी चालू आहे. त्यात अडीचशे शब्दांचं लेखन असतं, म्हणून बाई दर आठवड्याला एक निबंध लिहून आणायला सांगतात.

परवा वही परत मिळाली. एकूण अकरा चुका, आणि त्यातल्या सात एकाच जातीच्या. शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, फक्त जागा चुकलेली. बाईंनी क्रियाविशेषणाभोवती लाल गोल काढलाय आणि तिथून एक बाण क्रियापदाच्या डोक्यावरून पलीकडे नेलाय. मी लिहिलं होतं ‘ज सुव्हां मांज द्यु री’, म्हणजे मी बरेचदा भात खाते. बाणाने सुव्हां उचलून मांजच्या पुढे ठेवला : ‘ज मांज सुव्हां द्यु री’. असे सहा बाण, सगळे डावीकडून उजवीकडे.

सातवा मात्र उलटा! सहा ठिकाणी पुढे न्यायचं असतं म्हणून भूतकाळात मी आपणहून पुढे ठेवलं : ‘जे मांजे बियां’, मी छान जेवले. तिथे बाण मागे आला आणि बियांला दोन शब्दांच्या मधे घुसवून गेला : ‘जे बियां मांजे’.

पुस्तकात यादी आहे. छोटी क्रियाविशेषणं इथे, लांब तिथे, वेळेची अशी, स्थळाची तशी, आणि मग अपवाद. पाठ केली, पण लिहायला बसलं की हात पुन्हा जुन्या जागीच जातो. माझा प्रश्न असा, की या सगळ्याला धरून ठेवणारं एखादं सूत्र आहे का? की पाठांतराला पर्याय नाही? आणि आपण मराठी माणसं नेमकी इथेच का अडखळतो?

(फ्रेंच शब्द कानाला जसे लागले तसे लिहिलेत, सांभाळून घ्या.)

बदामी_हलवा

वाचतोय. लेकीने अकरावीला फ्रेंच घेतलंय, तिलाही दाखवतो.

चकली

अनुजा, अडखळायचं कारण इंग्रजी. आपण शाळेत ‘आय ऑलवेज ईट राइस’ घोकलं. कर्ता, मग क्रियाविशेषण, मग क्रियापद. फ्रेंच शिकताना डोक्यात परकी भाषा म्हणून तीच उभी राहते आणि आपण तिच्यावर फ्रेंच शब्द चिकटवतो. आपली मराठी बिचारी मोकळी आहे. ‘मी नेहमी भात खाते’, ‘भात मी नेहमी खाते’, ‘नेहमी भातच खाते मी’. काहीही चालतं.

गिरगाव_ते_ग्रनोब्ल

चकलीताई, नुसत्या इंग्रजीला दोष नको. ‘मी नेहमी खातो’ यात मराठीतही नेहमी हा मी आणि खातो यांच्या मधेच आहे. आमच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी होती, तिचीही हीच चूक व्हायची.

माझा सल्ला : व्याकरण बाजूला ठेवा आणि ऐका. मी फ्रान्समध्ये ग्रनोब्लला दोन वर्षं शिकायला होतो. पहिले सहा महिने बोललो की समोरचा किंचित थांबायचा, मग उत्तर द्यायचा. त्या थांबण्यावरून कळायचं की वाक्यात काहीतरी जागचं हललंय. नंतर कधी सुधारलं ते मलाही सांगता येणार नाही. बेकरीत, बसमध्ये, खोलीवरच्या मित्रांत वाक्यं कानावर पडत गेली आणि बसत गेली. आज कोणी ‘ज सुव्हां मांज’ म्हटलं तर मला खडा लागल्यासारखं होतं. नियम आठवत नाही, खडा लागतो.

अनुजा_के

@गिरगाव, ते खरं असेल हो, पण मी कोथरूडमध्ये राहते. माझ्या बसमध्ये कोणी फ्रेंच बोलत नाही. आणि परीक्षा सात आठवड्यांवर आहे.

शब्दखोर

अनुजाताई, सूत्र आहे, आणि ते तुमच्या बाणांतच आहे. फक्त बाणाकडे उलट्या बाजूने बघा.

तुम्हाला वाटतंय की सुव्हां उचलून पुढे न्यायचा आहे. समजा, सुव्हां जागचा हललाच नाही आणि हललं ते क्रियापद. फ्रेंचमध्ये पुरुष-वचन-काळाप्रमाणे चालवलेलं क्रियापद उठतं आणि थेट कर्त्याच्या मागे जाऊन चिकटून उभं राहतं. मधे कोणालाही शिरू देत नाही. म्हणून ज आणि मांज यांच्यात फट नाही. सुव्हां बिचारा होता तिथेच आहे, क्रियापद त्याला ओलांडून पुढे गेलंय.

आता सातवा बाण. ‘जे बियां मांजे’ यात चालवलेलं क्रियापद कुठलं? मांजे नव्हे, ते धातुसाधित आहे. चालवलेलं आहे ते सहायक, जे ‘जे’मधे लपलंय. कर्त्याला चिकटायचं काम त्याने केलं. मांजेला उठायची गरजच उरली नाही, ते मागेच राहिलं. बियां पुन्हा होता तिथेच. म्हणजे दोन्ही वाक्यांत क्रियाविशेषण चालवलेल्या क्रियापदाच्या लगेच मागे, म्हणजे वाचताना त्याच्या लगेच नंतर, आहे. तुमचे सहा बाण आणि सातवा बाण एकच गोष्ट सांगतायत.

नकाराचा ‘पा’ तपासून बघा. ‘ज न मांज पा’, ‘ज ने पा मांजे’. तोही बरोब्बर त्याच खोलीत. आणि क्रियापद चालवलंच नाही, नुसतं मूळ रूपात ठेवलं, तर ते उठत नाही, म्हणून पा त्याच्या आधी येतो. जुन्या युरोपीय रेल्वेगाड्यांच्या खिडकीखाली पाटी असायची, ‘न पा स पांशे ओ दओर’, बाहेर वाकू नये. न आणि पा दोघे शेजारी, क्रियापद त्यांच्या मागे.

ही मांडणी माझी नाही. झाँ-इव्ह पोलॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९८९ साली एका लेखात इंग्रजी आणि फ्रेंच समोरासमोर ठेवून ती सविस्तर केली, त्याच्या आधी जोसेफ एमंड्स यांनी सुरुवात करून दिली होती. इंग्रजीत साधं क्रियापद खाली राहतं, फ्रेंचमध्ये वर चढतं. एवढ्या एका फरकातून नकार, प्रश्न, क्रियाविशेषणं अशा तीन-चार गोष्टींचा उलगडा होतो. मी एम.ए.ला हे वाचलं त्या दिवशी रात्री झोप लागली नव्हती.

चकली

पण मग ‘ज ल व्ह्वा सुव्हां’ मधे तो ‘ल’ कसा शिरला? मी त्याला बरेचदा बघते. कर्ता आणि क्रियापदाच्या मधेच आहे की.

शब्दखोर

चांगला मुद्दा. ल, ला, ले, म, त, आणि नकाराचा न, हे स्वतंत्र शब्द म्हणून उभे राहात नाहीत, क्रियापदाच्या अंगाला चिकटलेले असतात. आपल्या ‘घरात’मधला त जसा घराला. क्रियापद वर जाताना त्यांना कडेवर घेऊन जातं. म्हणून नियम असा वाचा : कर्ता आणि क्रियापद यांच्यात फक्त कडेवरची पोरं चालतात.

अनुजा_के

‘कडेवरची पोरं’ वहीत लिहून ठेवलं 🙂

पौडफाटा_काका

शब्दखोरांनी पाया घातला, मी त्यावर माझा अनुभव ठेवतो. मी निवृत्त अनुवादक. फ्रेंच यंत्रांची माहितीपत्रकं, करार, तपासणी अहवाल, हे अठ्ठावीस वर्षं केलं.

सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका कारखान्यात फ्रेंच पंप बसवला होता. तिथे आलेल्या फ्रेंच तंत्रज्ञाचा अहवाल फॅक्सने माझ्याकडे आला. कागद तो गुळगुळीत, गुंडाळी होणारा, अक्षरं फिकट. त्यात एक वाक्य होतं : ‘ल ज्वें ने तूजूर पा एतांश’. तूजूर म्हणजे नेहमी, पा म्हणजे नाही. मी लिहिलं, ‘सील नेहमीच घट्ट असते असे नाही’. म्हणजे कधीतरी गळते. त्यावरून इकडच्या मंडळींनी पंप चालू-बंद करून, गळती केव्हा होते आणि केव्हा होत नाही, याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. चार दिवस एक माणूस वही घेऊन पंपाशेजारी बसला.

वाक्याचा खरा अर्थ होता : ‘सील अजूनही घट्ट बसलेली नाही’. पहिल्या दिवसापासून गळत होती आणि दुरुस्तीनंतरही गळतच होती. तूजूर जेव्हा पाच्या आधी येतो तेव्हा तो ‘अजूनही’ असतो. पाच्या नंतर आला, ‘ने पा तूजूर एतांश’, तर माझं भाषांतर बरोबर ठरलं असतं. शब्द तेच. दोन शब्दांची अदलाबदल, आणि चार दिवस गेले. तो फॅक्स मी पुढे कित्येक वर्षं शब्दकोशात घालून ठेवला होता, अक्षरं पार उडून जाईपर्यंत.

तेव्हापासून पा दिसला की मी आधी त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कोण उभं आहे ते बघतो. डावीकडचा शब्द नकारावर बसतो, उजवीकडच्यावर नकार बसतो. ‘ज नेम व्रेमां पा सा’ म्हणजे मला हे खरंच आवडत नाही. ‘ज नेम पा व्रेमां सा’ म्हणजे मला हे तितकंसं आवडत नाही. कोणाच्या घरी जेवायला गेलात तर दुसरं वाक्य एकवेळ चालेल, पहिलं नको.

बदामी_हलवा

काका, अंगावर काटा आला. त्या वहीवाल्या माणसाला पुढे सांगितलं का कोणी?

पौडफाटा_काका

मी स्वतः गेलो होतो सांगायला. त्यांनी चहा मागवला, आणि म्हणाले, नोंदी वाया नाही जाणार साहेब, किती लिटर गेलं ते तरी कळलं.

मृणाल_मॉन्ट्रियल

किती छान धागा! इथे क्वेबेकमध्ये १९७७च्या भाषा कायद्यामुळे आपल्यासारख्यांची मुलं साधारणपणे फ्रेंच सरकारी शाळेतच जातात. माझा मुलगा सात वर्षांचा. घरी आम्ही कटाक्षाने मराठी बोलतो. परवा ताटात दोडकं बघून म्हणाला, “आई, तू करतेस नेहमी हेच!” मी हसले, आणि मग लक्षात आलं की वाक्य मराठी, पण क्रियापद फ्रेंचसारखं कर्त्याला जाऊन चिकटलंय. ‘त्यु फे तूजूर सा’ जसंच्या तसं. आपण मोठी माणसं रागावलो की ‘करतेस नेहमी हेच’ म्हणतोही. पण हा शांतपणे, दर वाक्यात तसंच म्हणतो. ‘मी खेळतो कधीकधी अर्णवशी’. ‘बाबा येतात उशिरा रोज’.

शब्दखोर म्हणतात तशी चढण त्याच्या मराठीत शिरली आहे का?

शब्दखोर

मृणालताई, जपून ठेवा ही वाक्यं, तारीख घालून. तुमच्याच शहरात याच्या उलट्या दिशेचा अभ्यास झालाय. मॅकगिल विद्यापीठातल्या लिडिया व्हाइट यांनी क्वेबेकमधली फ्रेंच भाषक, इंग्रजी शिकणारी शाळकरी मुलं घेतली. ती मुलं इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्या मधे क्रियाविशेषण घालत, आपल्या फ्रेंचसारखं. १९९१ साली तो लेख आला. ज्यांना वर्गात ही चूक मुद्दाम दाखवून दिली ती मुलं सुधारली. पण वर्षभराने पुन्हा तपासलं तर तो परिणाम टिकलेला नव्हता.

गिरगाव_ते_ग्रनोब्ल

बघा! मी हेच म्हणत होतो. शिकवून टिकत नाही, ऐकून टिकतं.

शब्दखोर

इतक्या लवकर निकाल नको. त्या मुलांना काही दिवस शिकवलं आणि मग तो विषय संपला. अनुजाताईंचे बाण दर आठवड्याला येतायत. शिवाय सात आठवड्यांनी परीक्षा आहे, एक वर्षाने नाही.

अनुजा_के

हो, आणि परीक्षेनंतरही मी वर्ग सोडणार नाहीये!

काका, ते तूजूर पा मी चार वेळा मोठ्याने वाचलं. पण एक शंका. आमच्या पुस्तकात म्हटलंय, छोटी क्रियाविशेषणं सहायक आणि धातुसाधित यांच्या मधे, लांब ‘मां’वाली शेवटी. ‘जे पार्ले लांतमां’, मी हळू बोलले. लांतमां लांब म्हणून शेवटी. पण मग ‘इला प्रोबाब्लमां उब्लिये’, तो बहुतेक विसरला, यात एवढा लांबलचक प्रोबाब्लमां मधे कसा? बाई म्हणाल्या अपवाद. असे अपवाद किती पाठ करू?

शब्दखोर

लांबी हे दिसणारं लक्षण आहे, कारण नाही. क्रियापदाच्या आत काय घडलं ते सांगणारे शब्द, म्हणजे कृती कशी झाली, हळू, जोरात, काळजीपूर्वक, हे धातुसाधिताच्या मागे जातात. किती झालं, कितीदा झालं, झालं की नाही, खरंच झालं का, हे सांगणारे मधे बसतात. पहिल्या गटात ‘मां’वाले जास्त आहेत, म्हणून पुस्तकं लांबीचा नियम सांगतात. प्रोबाब्लमां, व्रेमां (खरंच), कोंप्लेतमां (पूर्णपणे) हे दुसऱ्या गटातले. त्यांना अपवाद म्हणायची गरज नाही.

याचा पुरावा एकाच छोट्या शब्दात आहे : व्हित. ‘इला व्हित कोंप्री’ म्हणजे त्याला पटकन समजलं, लगेच. ‘इला कुर्यु व्हित’ म्हणजे तो जोरात धावला. शब्द तोच, लांबी तीच, जागा वेगळी. अर्थ केव्हाचा की कसा, यावर जागा ठरली.

पौडफाटा_काका

शब्दखोर, इथे मी थोडा असहमत. तुमची विभागणी ऐकायला सुबक आहे, पण बियां आणि माल हे दोघे ‘कसं’ याच गटातले, तरी ते मधेच बसतात. ‘इला माल दोर्मी’, त्याला नीट झोप लागली नाही. म्हणजे लांबीला, म्हणा किंवा सवयीला, काहीतरी वजन आहेच. रोजच्या वापराने झिजलेले शब्द मधल्या खोलीत सरकलेत. वर्गात शिकवणाऱ्याने लांबीचा नियम सांगितला तर तो चुकत नाही, निम्मं सांगतो एवढंच.

आणि बियां मधे असला की तो नेहमी ‘चांगलं’ नसतो, हेही अनुजाबाईंनी लक्षात ठेवावं. फ्रेंच पत्राची सुरुवात हमखास ‘जे बियां रसु व्होत्र लेत्र’ अशी होते. नवखे अनुवादक लिहितात, ‘आपले पत्र चांगले मिळाले’. इथे बियां म्हणजे मिळालं बरं का, पोचलं, काळजी नको. मी सरळ ‘आपले पत्र पोचले’ लिहायचो.

शब्दखोर

काका, बियां-मालचा मुद्दा मान्य. तिथे माझं सूत्र गळतं.

चकली

बियांवरून आठवलं. माझ्या मावसबहिणीला तिच्या फ्रेंच सहकाऱ्याने निरोपाच्या कार्डावर लिहिलं होतं ‘ज तेम बियां’. तिने तीन दिवस कोणाला दाखवलं नाही. तेम म्हणजे प्रेम, बियां म्हणजे छान, म्हणजे केवढं प्रेम! शेवटी मला दाखवलं. मी सांगितलं, अगं, बियां लावला की प्रेम कमी होतं. ‘ज तेम’ म्हणजे प्रेम, ‘ज तेम बियां’ म्हणजे तू मला आवडतेस, चांगली मैत्रीण आहेस. ती म्हणाली, बरं झालं, मलाही तो तेवढाच आवडतो.

बदामी_हलवा

😄 शेवट गोड!

लेक विचारतेय : क्रियाविशेषण अव्यय असतं ना, म्हणजे बदलत नाही. मग पुस्तकात ‘इले तू मुये’ आणि ‘एले तूत मुये’ असं का? तो पूर्ण भिजला, ती पूर्ण भिजली. तूचा तूत कसा झाला?

पौडफाटा_काका

शाब्बास, हुशार आहे पोर. तिला सांगा, मराठीतच उत्तर आहे. ‘तो सगळा भिजला’, ‘ती सगळी भिजली’. सगळा हा शब्द इथे ‘पूर्णपणे’ या अर्थी आहे, क्रियाविशेषणाचं काम करतोय, आणि तरी लिंगाप्रमाणे बदलतोय. ‘ती गाते चांगली’ असंही आपण म्हणतोच की. फ्रेंचमध्ये ही मुभा मुख्यतः तू या एका शब्दाला आहे. पुढचं स्त्रीलिंगी विशेषण व्यंजनाने सुरू झालं तर तूत होतो. स्वराने सुरू झालं, जसं ‘एले तू एतोने’, ती अगदी चकित झाली, तर लिहिताना तूच राहतो, पण बोलताना मागचा त पुढच्या स्वराला जोडला जातो आणि ऐकू येतं तूतेतोने. म्हणजे बाईमाणसाबद्दल बोलताना कानाला दरवेळी तूतच ऐकू येतो. नियम कानाने केलाय, वहीने नाही.

बदामी_हलवा

ती म्हणतेय, “सगळी भिजली म्हटल्यावर लगेच कळलं.” खूप धन्यवाद काका.

पोर्टलुईचा_पाहुणा

अवांतर, पण धाग्याशी नातं आहे. मी कामानिमित्त दोन वर्षं मॉरिशसला होतो. तिथे गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांमध्ये कोकणातली मराठी कुटुंबंही होती, त्यांची वस्ती आजही आहे. गणपती बसतात, भजनं होतात. घरात बोलतात मात्र क्रिओल. शब्द जवळजवळ सगळे फ्रेंचमधून आलेले. पण वाक्य ऐकलं की गंमत कळते. फ्रेंच म्हणतो ‘ज न मांज पा’, क्रिओल म्हणते ‘मो पा मांझे’. मी खात नाही. पा क्रियापदाच्या आधी! शब्दखोरांच्या भाषेत सांगायचं तर क्रिओलमध्ये क्रियापद चढलंच नाही, खालीच राहिलं.

गणपतीच्या दिवशी एका आजींच्या घरी गेलो होतो. मोदक संपले होते. त्या आत बघून आल्या आणि ‘पेना’ म्हणाल्या, म्हणजे नाहीत. मग माझा चेहरा बघून मराठीत हळूच म्हणाल्या, “उद्या ये.” दुसऱ्या दिवशी गेलो तर डबा भरून ठेवला होता.

शब्दखोर

हे उदाहरण सुंदर आहे. पोलॉकच्या मांडणीनंतर क्रिओल भाषांकडे याच नजरेने पाहिलं गेलं. क्रियापदाला पुरुष-वचनाचे प्रत्यय राहिले नाहीत, आणि क्रियापद वर जायचंही थांबलं. दोन्हींचा संबंध काय यावर वाद आहेत, पण दोन्ही गोष्टी समोर दिसतात.

चकली

माझं मागचं विधान मागे घेते. मी म्हटलं होतं मराठी मोकळी आहे. पण ‘मीच काल आले’, ‘मी कालच आले’, ‘मी काल आलेच’, या च ची जागा हलली की अर्थ हलतो. काकांच्या पासारखंच. आपल्याकडे नियम आहेत, आपण ते कधी शिकलो नाही एवढंच. फ्रेंच माणूस हा च कसा आणतो?

गिरगाव_ते_ग्रनोब्ल

त्याच्याकडे च नाही, म्हणून तो अख्खं वाक्य उलगडतो. ‘से म्वा कि’, ती मीच जी. बोलताना दर दुसऱ्या वाक्याला ऐकू येतं.

आणि अनुजाताई, मी पहिल्यांदा व्याकरण सोडा म्हटलं होतं ते थोडं घाईचं झालं. काल शब्दखोरांचं वाचून मी ग्रनोब्लच्या मित्राला फोन लावला. त्याला विचारलं, ‘जे पार्ले लांतमां’ ऐवजी ‘जे लांतमां पार्ले’ म्हटलं तर? तो म्हणाला, कळेल, पण कोणी पुस्तकातून वाचतंय असं वाटेल. म्हणजे चूक नाही, सूर वेगळा. हे कानानेही सांगितलं आणि नियमानेही.

मृणाल_मॉन्ट्रियल

परीक्षेच्या दृष्टीने एक सांगते, मी टेफ ही फ्रेंचची परीक्षा दिली होती तेव्हा माझी जीव तोडून तयारी झाली होती. ‘प्यतेत्र’, म्हणजे कदाचित, वाक्याच्या सुरुवातीला लिहिलंत तर पुढे कर्ता-क्रियापद उलटायला लागतात : ‘प्यतेत्र व्हियांद्रातील’. नाहीतर मधे कि घाला : ‘प्यतेत्र किल व्हियांद्रा’. सगळ्यात सोपं म्हणजे त्याला त्याच्या खोलीत राहू द्या : ‘इल व्हियांद्रा प्यतेत्र’. पण बी२च्या लेखनात एखादं उलटवलेलं वाक्य शोभून दिसतं. ‘सां दूत’चंही तसंच, आणि त्याचा अर्थ निःसंशय नव्हे, बहुधा! निःसंशय म्हणायचं तर ‘सांझोकं दूत’.

अनुजा_के

अरे देवा, सां दूत मी गेल्या निबंधात निःसंशय म्हणूनच वापरलाय. आणि ‘ओसी’ने परिच्छेद सुरू केलाय, शिवाय या अर्थी. तिथेही लाल गोल आहे, पण बाण नाही, नुसतं प्रश्नचिन्ह.

पौडफाटा_काका

कारण सुरुवातीचा ओसी म्हणजे शिवाय नव्हे, ‘म्हणून’. आणि त्याच्याही पुढे उलटापालट लागते. बाईंना तुमच्या वाक्याचा अर्थच लागला नसेल. शिवाय म्हणायचं तर ‘द प्ल्यूस’ने सुरू करा, आणि ओसीला क्रियापदाच्या मागे पाठवा.

अनुजा_के

आठवड्याने येतेय. मधे दोन निबंध लिहिले. पद्धत अशी ठेवली : आधी चालवलेल्या क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ, मग त्याच्या मागची जागा बघायची. काल वही मिळाली. जागेच्या चुका दोन. एक ‘इयेर’, मी काल या अर्थी तो मधल्या खोलीत कोंबला होता, ‘जे इयेर व्ह्यु’. दुसरी ‘तो’, लवकर या अर्थी. बाईंनी दोन्ही शेवटी नेले.

शब्दखोर

इयेर, द्मां, तो, तार, इसी (काल, उद्या, लवकर, उशिरा, इथे), म्हणजे घड्याळाच्या आणि नकाशाच्या गोष्टी. ते मधल्या खोलीचे भाडेकरू नाहीत. काल-उद्या हवं तर अगदी सुरुवातीला, नाहीतर शेवटी. ‘ज म स्वी लव्हे तो’, मी लवकर उठले. देजा (आधीच) मात्र मधे, कारण देजा घड्याळ सांगत नाही, झालं की नाही ते सांगतो.

पौडफाटा_काका

दोनच चुका म्हणजे फार चांगलं. आता एक वाक्य घरी करायला देतो, लेकीनेही करावं. मराठीतून फ्रेंच करा : ‘मला अजूनही सगळं नीट कळलेलं नाही’.

बदामी_हलवा

लेक करतेय. तोंडाने पुटपुटत बसलीये. “अजूनही म्हणजे तूजूर, तो पाच्या आधी... सगळं म्हणजे तू... नीट म्हणजे बियां...”

अनुजा_के

मी प्रयत्न करते : ‘ज ने तूजूर पा तू बियां कोंप्री’?

बदामी_हलवा

तिचंही हेच आलं! फक्त तू कोंप्रीच्या मागे ठेवला होता, मग स्वतःच खोडला.

पौडफाटा_काका

दोघींनाही पैकीच्या पैकी. ने आणि कोंप्री यांच्या मधे चार जण बसलेत, एकही जागचा हलत नाही.

शब्दखोर

आणि काकांनी वाक्य किती विचारपूर्वक निवडलंय बघा. तूजूर, पा, तू, बियां. अजूनही, नाही, सगळं, नीट. चिंक्वे नावाच्या इटालियन अभ्यासकाने १९९९ साली असं मांडलं की हा आतला क्रम मुळात सगळ्या भाषांत सारखाच असतो. नाही तेवढा आपल्याकडे वाक्याच्या टोकाला जातो. बाकी तिघं मराठीतही त्याच रांगेत उभे आहेत : अजूनही, सगळं, नीट.

अनुजा_के

आत्ता वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि रेघांनी जोडली. अजूनही ते तूजूर, सगळं ते तू, नीट ते बियां, कळलेलं ते कोंप्री. चारही रेघा सरळ खाली आल्या. फक्त नाहीची रेघ तेवढी तिरकी गेली. उद्या वर्गात बाईंना दाखवते.